कोलंबिया : कुंबिया ते मेटल

कोलंबिया म्हटलं की आपल्याला आधी एस्कोबारच आठवतो, हो ना? आज त्याला जरा बाजूला ठेवू आणि हेडफोन लावू.

सुरुवात कॅरिबियन किनाऱ्यावरच्या कुंबियापासून. यात आदिवासींची गाइता नावाची लांब बासरी आहे आणि गुलाम करून आणलेल्या आफ्रिकी लोकांचे ढोल. ‘लॉस गाइतेरोस दे सान हासिंतो’ लावा, पाय आपोआप हलतील.

आता मेडेयीन शहर. १९८०च्या दशकात ड्रग टोळ्यांच्या हिंसेत ते होरपळत होतं, तेव्हा तिथली पोरं मेटल वाजवत होती. ‘पाराबेयुम’चा आवाज कर्कश, खरखरीत. ‘क्राकेन’चं हेवी मेटल मात्र सुरेल, तेही स्पॅनिशमध्ये.

बासरी असो वा गिटार, गप्प बसायचं नाही हा हट्ट तोच. एस्कोबार गेला, गाणी उरली. ऐकून सांगा, तुम्हाला काय भावलं?