क्रमांक आधी, नाव मागाहून



सप्टेंबर 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने एका लघुग्रहाला गायक पंडित जसराज यांचे नाव दिले. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यानच्या मुख्य पट्ट्यातल्या या लघुग्रहाचा क्रमांक 300128. पंडितजींचा जन्म 28 जानेवारी 1930 चा. तारीख उलट्या क्रमाने लिहिली की हाच आकडा येतो. बातम्यांनी हा योग उचलून धरला, पण तो आकाशातून आलेला नाही. अ‍ॅरिझोनातल्या कॅटालिना या आकाश-सर्वेक्षणाने 11 नोव्हेंबर 2006 रोजी हा ठिपका टिपला, तेव्हा त्याला ‘2006 व्हीपी32’ एवढीच तात्पुरती खूण मिळाली. त्या पंधरवड्यात नोंदलेला हा 815 वा पिंड, असा तिचा अर्थ. पुढे अनेक निरीक्षणे जुळून कक्षा पक्की झाल्यावरच कायमचा क्रमांक मिळाला. हे क्रमांक ओळीने दिले जातात, कोणाची जन्मतारीख पाहून नव्हे. तेव्हा जुळणारा क्रमांक नाव सुचवणाऱ्यांनीच हेरला असणार. नाव शेवटी येते, आधी कक्षा. लघुग्रहाचा शोध कक्षा ठरल्यावरच पुरा होतो, हेच मला आज मांडायचे आहे.

यावर कोणी म्हणेल, ज्याने पहिल्यांदा पाहिले तोच शोधक, गणित करणारे मागाहून आले. इतिहास काय सांगतो ते पाहा. 1 जानेवारी 1801 रोजी सिसिलीतल्या पालेर्मो येथे खगोलशास्त्रज्ञ पियाझ्झींना सेरेस हा पहिला लघुग्रह दिसला. 11 फेब्रुवारीपर्यंत त्यांनी त्याचा माग ठेवला, मग तो सूर्याच्या तेजात गेला आणि हरवला. तो परत सापडला त्याच वर्षाच्या अखेरीस, गाउस या तरुण गणितज्ञाने मोजक्या निरीक्षणांवरून काढलेल्या कक्षेच्या आधाराने. पियाझ्झींचा मान त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. उलट, त्यांनी रात्रीमागून रात्र स्थाने काटेकोर नोंदली नसती, तर गाउसला गणित करायला काही उरलेच नसते.

आपल्या देशातला दाखला 1861 चा आहे. 17 एप्रिलला मद्रास वेधशाळेत नॉर्मन पॉग्सन यांना 67 वा लघुग्रह सापडला. आशिया खंडातून लागलेला हा पहिला शोध, म्हणून त्याचे नाव ‘एशिया’. सूर्यापासून त्याचे सरासरी अंतर पृथ्वीच्या 2.42 पट. केप्लरच्या नियमाने 2.42 चा घन करून वर्गमूळ काढा; सुमारे 3.76 येते. तेवढ्या वर्षांत तो सूर्याभोवती एक फेरी पुरी करतो. नावावरून खंड कळतो. तो उद्या कुठे दिसेल हे मात्र त्याची पुरी कक्षाच सांगू शकते.

दुसरा आक्षेप असा, की मग नाव ठेवण्याचा खटाटोप तरी कशाला? क्रमांक मिळालेले लघुग्रह आज सात लाखांच्या वर आहेत. नाव मिळालेले त्यांच्या मानाने फारच थोडे. नाव सोळा अक्षरचिन्हांत बसावे लागते आणि ते शक्यतो एकाच शब्दाचे असावे अशी अपेक्षा असते, म्हणूनच ‘पंडितजसराज’ असा एकच शब्द झाला. राजकारणी आणि सेनानी यांच्यासाठी मृत्यूनंतर शंभर वर्षांची अट आहे, आणि जाहिरातीच्या नावांना मज्जाव. इतकी बंधने पाळून दिलेल्या नावाला मोल आहे, कारण कक्षेइतकीच त्याचीही सार्वजनिक नोंद होते. पैसे घेऊन ताऱ्याला नाव देणाऱ्या दुकानांच्या प्रमाणपत्रांना हे मोल नाही.

नुसते दिसणे आणि शोध पुरा होणे यांतला हा विवेक आपल्याला घराजवळही लागणार आहे. आंतरराष्ट्रीय लघुग्रह शोधमोहिमांत भारतातले विद्यार्थी मोठ्या दुर्बिणींची छायाचित्रे तपासतात, आणि ‘विद्यार्थ्याने लघुग्रह शोधला’ अशी बातमी लगेच छापून येते. ती प्राथमिक नोंद असते. कक्षा ठरायला अनेक वर्षे जातात. असे सांगणे म्हणजे मुलांचा हिरमोड करणे, असे काहींना वाटेल. मला तसे वाटत नाही. आपले मोजमाप एका मोठ्या हिशेबातली खरी रक्कम आहे आणि तो हिशेब अजून पुरा व्हायचा आहे, हे ज्याला कळले, तो मुलगा प्रमाणपत्र भिंतीवर लावून थांबणार नाही. सोलापुरातून उद्या अशी नोंद झाली, तर सत्कार जरूर करा. पण त्याच व्यासपीठावर त्याला विचारा, पुढची निरीक्षणे कधी?