दोन औषधांची एक गोळी
(मंडळाच्या पनवेल येथील वार्षिक स्नेहसंमेलनात झालेले भाषण)



पनवेल येथे औषधाविषयी बोलणे म्हणजे काशीस जाऊन गंगेचे वर्णन करण्यासारखे आहे. १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी धूतपापेश्वराचा कारखाना काढला, तेव्हापासून मात्रा, काल, अनुपान, पथ्य हे शब्द या गावच्या घराघरांत रुळलेले आहेत. औषध मधातून घ्यावे की तुपातून, हे वैद्याला विचारल्याशिवाय आपल्या आज्या पुडी सोडीत नसत. मौज अशी की, त्याच घरांतून आज प्रतिजैविकाच्या, म्हणजे अँटिबायोटिकच्या बाबतीत यांपैकी एकही गोष्ट विचारली जात नाही. फ्रिजवरच्या डब्यात मागच्या दुखण्यातल्या चार गोळ्या उरलेल्या असतात. त्या खोकणाऱ्या पुतण्याला दिल्या जातात. त्याला बरे वाटले, की तीच शिफारस फोनवरून नवीन पनवेलला आणि तेथून कामोठ्याला जाते. ज्ञातिबांधवांनी एकमेकांच्या उपयोगी पडावे हे खरे. पण ही देवघेव आम्हांस भयावह वाटते, म्हणून हा विषय घेतला.

उदाहरणादाखल एकच औषध घेऊ. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल यांची जी संयुक्त गोळी मिळते आणि जिला लोक नुसते ‘सहाशे पंचवीस’ म्हणतात, ती बहुतेकांच्या परिचयाची आहे. यांतील अमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्या कुळातले. हे कूळ आपणांस परके नाही. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने आपल्याच पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, तो पेनिसिलिनसाठीच. रोगजंतू आपल्या देहाभोवती जी भिंत बांधतो, तिचे बांधकाम हे औषध बिघडवते आणि जंतू फुटतो. परंतु कित्येक जंतूंनी यावर तोड काढली. ते एक विकर तयार करतात आणि औषध आपले काम करण्यापूर्वीच ते विकर त्याचे तुकडे करते. क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाचे प्रयोजन येथे आहे. ते स्वतः जंतूंना फारसे मारीत नाही; त्या विकराला गुंतवून ठेवते, आणि तेवढ्यात जोडीदार आपला कार्यभाग उरकतो. इंग्लंडात ही जोडी १९८१ साली बाजारात आली.

हे इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण, ‘दोन औषधे आहेत, म्हणजे दुप्पट जोरदार’ हा आपल्याकडचा रूढ समज. तो चुकीचा आहे. ज्या जंतूपाशी ते विकरच नाही, तेथे ढाल निरुपयोगी. स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे घसा सुजतो, तो जंतू हे विकर बनवीत नाही. तेथे साधे पेनिसिलिन अथवा अमॉक्सिसिलिन पुरते. आणि पडसे, फ्लू, डेंगी हे तर विषाणूंचे विकार; त्यांना बांधण्याची अशी भिंतच नसते, मग औषध मोडणार काय? पावसाळ्यात येणाऱ्या तापांपैकी कोणता कशाचा, हे तपासणीवाचून डॉक्टरही सांगू धजत नाहीत, तेथे फोनवरच्या मामांनी ते सांगावे हे नवल होय. जोडी केली म्हणजे औषध चांगले, असेही नाही. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ संयुक्त औषधांवर बंदी घातली, तीत प्रतिजैविकांच्या काही जोड्याही होत्या.

आता मात्रा. ६२५ च्या गोळीत ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन व १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल असते. ३७५ च्या गोळीत २५० व १२५. दुकानात एक नाही म्हणून दुसरीच्या दोन घेतल्या, तर क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल दुप्पट पोटात जाते आणि जुलाब सुरू होतात. ज्यांचे मूत्रपिंड अशक्त आहे त्यांची मात्रा निराळी ठरवावी लागते. अनुपान म्हणाल तर जेवणाच्या आरंभी, पहिल्या घासांबरोबर. त्याने पोटही कमी बिघडते आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल नीट शोषले जाते. काल म्हणजे किती दिवस, हे डॉक्टरांनी सांगावे आणि आपण पाळावे. ताप उतरला म्हणून तिसऱ्या दिवशी थांबू नये. तसेच ‘आणखी असू द्यावे’ म्हणून दोन दिवस वाढवूही नये. अपुऱ्या मात्रेने जंतू मरण्याऐवजी निर्ढावतात, हे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच बजावले होते. ‘माझ्या अंगाला हे औषध आता लागत नाही’ असे लोक म्हणतात; पण सवय अंगाला होत नसून जंतूंना होते, आणि असले जंतू शेजाऱ्याकडेही जातात.

ज्याला पूर्वी पेनिसिलिनच्या कोणत्याही औषधाने अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा धाप लागली, त्याने ही गोळी घेऊ नये आणि डॉक्टरांना हे आधी सांगावे. गोळी घेतल्यावर अशी लक्षणे दिसली, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे. या औषधाने पूर्वी कावीळ झाली असेल, तर पुन्हा ते वर्ज्य. ही कावीळ औषध संपल्यावर काही आठवड्यांनीही उद्भवते, वृद्ध पुरुषांत अधिक; म्हणून डोळे पिवळे दिसल्यास महिन्यापूर्वीच्या गोळ्यांचाही उल्लेख करावा. रक्त पातळ ठेवणारे वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी तेही सांगावे. पातळ जुलाब थांबत नसतील, त्यांत रक्त असेल, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये.

लहान मुलांचे पातळ औषध पाण्यात कालवल्यावर फ्रिजमध्ये ठेवावे, आणि बाटलीवर लिहिलेली मुदत, बहुधा सात दिवस, संपताच उरलेले टाकून द्यावे. धाकट्यासाठी राखून ठेवू नये. चमचा स्वयंपाकघरातला नको, बाटलीबरोबर आलेले मापच वापरावे.

कार्यकारी मंडळास आमची एक विनंती आहे. मंडळाची दिनदर्शिका बहुतेक घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर असते. पुढील वर्षी तिच्या अखेरच्या पानावर एक कोरा तक्ता छापावा: कुटुंबातील व्यक्तीचे नाव, न सोसणारे औषध, आणि ते घेतल्यावर काय झाले. छपाईचा जादा खर्च आम्ही आनंदाने देऊ.