ग्रामसभेचे ध्वनिमुद्रण
(पंचायत प्रशिक्षण वर्गातील भाषण)



एका ग्रामसभेत पाण्याच्या प्रश्नावर एक वृद्धा पोटतिडकीने बोलल्या. पुढे इतिवृत्तासाठी रेकॉर्डर लावून पाहतो, तो नुसती खरखर! चूक माझीच होती. ध्वनिक्षेपक यंत्रणेच्या मिक्सरमधून आलेली तार मी मायक्रोफोनसाठी असलेल्या जागी जोडली होती.

मायक्रोफोनमधून येणारा विद्युत्संकेत अवघ्या काही मिलिव्होल्टचा असतो. मिक्सरमधून बाहेर पडणारा एक व्होल्टच्या आसपास, म्हणजे शेकडो पट मोठा. त्यासाठी अनेक रेकॉर्डरवर ‘लाइन’ अशी निराळी जागा किंवा कळ असते. ती नसल्यास संकेत क्षीण करणारा पॅड मध्ये जोडावा. 20 डेसिबलचा पॅड व्होल्टता एक दशांशावर आणतो, 40 डेसिबलचा एक शतांशावर.

जुन्या फितीवर काटा लाल पट्ट्यात किंचित गेला तरी निभावत असे. अंकीय यंत्रात मात्र शून्य डेसिबल ही भिंतच. त्यावरचा आवाज कापला जातो. तेव्हा सभेपूर्वी सर्वांत खणखणीत आवाजाच्या वक्त्याला (असा प्रत्येक गावात असतोच!) बोलते करून उच्चांक उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवावा.

महिलांच्या बाजूला स्वतंत्र मायक्रोफोन अवश्य द्यावा. पण ज्यावर कोणी बोलत नाही तो बंद असावा. उघडे मायक्रोफोन दुप्पट झाले की पंख्याचा, कुजबुजीचा गोंगाट सुमारे 3 डेसिबलने वाढतो.

आणि कानाला हेडफोन लावूनच बसावे. त्या दिवशी माझा हेडफोन पिशवीतच राहिला होता.