दोन इंजिनं आणि रिकामा पाय

(रौप्यमहोत्सवानिमित्त ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



'माझा छंद' या विषयावर बोला, असं सेक्रेटरींनी सांगितलं तेव्हा मला आधी वाटलं, तक्रार आलेली दिसते. रात्री साडेदहानंतर आमच्या घरातून घरघर येते म्हणून खालच्या मजल्यावरून दोनदा विचारणा झाली आहे. ती घरघर मिक्सरची नाही, विमानाची आहे. आता हेडफोन घेतला आहे, हे या निमित्ताने जाहीर करतो.

मी बँकेत छत्तीस वर्षं काढली. विमानात पहिल्यांदा बसलो तो पन्नाशीनंतर, तेही एलटीसीवर. निवृत्तीनंतर नातवाने संगणकावर एक्स-प्लेन नावाचा प्रोग्रॅम घालून दिला. सुरुवातीला एका इंजिनाचं सेसना उडवत होतो. ते गरीब स्वभावाचं विमान. मग बीचक्राफ्ट बॅरन ५८ वर आलो आणि तिथे खरी शाळा सुरू झाली.

बॅरन हे सहा जणांचं विमान. दोन्ही बाजूंच्या पंखांवर एकेक इंजिन, प्रत्येकी सुमारे ३०० अश्वशक्तीचं, आणि पुढे प्रोपेलर. माझ्या टेबलावर त्याचे सहा दांडे आहेत. दोन थ्रॉटलचे, म्हणजे ताकदीचे. दोन प्रोपेलरचे, त्यांनी पात्यांचा कोन बदलतो, सायकलचे गिअर बदलावेत तसा. आणि दोन मिक्श्चरचे, कारण वर जाल तशी हवा विरळ होते, मग पेट्रोलही बेताने द्यावं लागतं. टेबलाखाली पायांसाठी दोन पेडल. ही म्हणते, शिलाई मशीन घेतलं असतं तर निदान पडदे तरी शिवून झाले असते.

आता मुद्द्याचं सांगतो. दोन इंजिनं म्हणजे दुप्पट सुरक्षितता, एक गेलं तरी दुसरं आहेच, असं आपल्याला वाटतं. मलाही वाटत होतं. पण एक इंजिन बंद पडलं की ताकद निम्मी होते, आणि वर चढण्याची क्षमता मात्र जवळजवळ सगळीच जाते. बँकेच्या भाषेत सांगायचं तर पगारातून घरखर्च वजा जाता उरेल ती बचत. पगार निम्मा झाला म्हणून बचत निम्मी होत नाही, ती संपतेच. विमानाचंही तसंच. बरीचशी ताकद नुसतं हवेत टिकून राहण्यात खर्च होते. उरलेल्या शिलकीवर ते चढतं.

शिवाय चालू इंजिन एका बाजूने ओढतं, आणि बंद पडलेल्या इंजिनाचा वाऱ्यावर फिरणारा प्रोपेलर दुसऱ्या बाजूला ब्रेक लावतो. नाक बंद इंजिनाकडे वळतं. ते पायाने पेडल दाबून सरळ धरायचं असतं. पण वेग साधारण ८४ नॉटच्या खाली गेला, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास आला, की पूर्ण दाबलेलं पेडलही पुरत नाही आणि विमान उलटतं. वेगदर्शकावर तिथे लाल रेघ असते. शंभर नॉटच्या आसपास निळी रेघ असते. एका इंजिनावर उडताना तीच धरून राहायची.

सिम्युलेटरला मी सांगून ठेवतो की इंजिन कधीतरी, तुला वाटेल तेव्हा बंद पाड. जुहूहून समुद्राच्या दिशेने उड्डाण करायचो आणि अरबी समुद्रात जायचो. किती वेळा, ते मोजणं सोडून दिलं.

मग पुस्तक आणून नीट अभ्यास केला. बंद इंजिन ओळखायची एक साधी रीत आहे. सरळ राहण्यासाठी जो पाय दाबावा लागतोय तो चालू इंजिनाच्या बाजूचा. जो पाय रिकामा, त्या बाजूचं इंजिन गेलेलं. पण तेवढ्यावर थांबायचं नाही. त्या इंजिनाचा थ्रॉटल हळूच मागे घ्यायचा. काहीच फरक पडला नाही, तर खात्री झाली. मगच प्रोपेलरची पाती वाऱ्याला धार देऊन उभी करायची, म्हणजे ब्रेक सुटतो. आमच्या बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासायची, त्यातलाच हा प्रकार. फक्त इथे दोघंही आपणच, आणि हातात काही सेकंद.

एका रात्री डावं इंजिन गेलं. मला ते कळलंही. आणि मी रुबाबात उजवं बंद केलं. घरघर थांबली. खोलीत फक्त सीलिंग फॅनचा आवाज. (आपल्या पंपाच्या बाबतीत काय झालं होतं ते आठवा, चालू पंपाचाच फ्यूज काढला होता आणि टँकर मागवावा लागला होता.)

हे फक्त माझ्यासारख्या हौशी माणसाचं होतं असं नाही. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैवानमध्ये तैपेईहून उडालेल्या एटीआर-७२ विमानाच्या उजव्या इंजिनाची ताकद उड्डाणानंतर लगेच गेली. वैमानिकाने डावं, धडधाकट इंजिन मागे घेतलं आणि नंतर बंद केलं. चूक लक्षात आल्याचे त्याचे उद्गार ध्वनिमुद्रणात आहेत. विमान नदीत पडलं. ५८ पैकी ४३ माणसं गेली. हे वाचलं तेव्हा माझी झोप उडाली, पण कारण वेगळं होतं.

१९८७ साली एका शाखेत मी अधिकारी असताना संध्याकाळी कॅश पाच हजारांनी कमी आली. कॅशियर नवा पोरगा होता, सहा महिन्यांचा. मी सगळ्यांसमोर त्याच्याकडून किल्ल्या घेतल्या, त्याचा ड्रॉवर उपसला, खिसे दाखवायला सांगितले. त्याने दाखवले. सात वाजता पन्नासच्या नोटांचं एक पाकीट तिजोरीत भलत्याच कप्प्यात सापडलं. दुपारी मीच ठेवलं होतं, नोंद करायची राहिली होती. मी 'चला, मिळालं एकदाचं' एवढंच म्हणालो आणि रजिस्टरवर सही केली. तो काही बोलला नाही. पुढे त्याची बदली झाली. आता तोही निवृत्त झाला असेल. त्याची क्षमा मी मागितलेली नाही, हे आज प्रथमच चार लोकांत सांगतोय.

असो. आता बॅरनवर दहापैकी आठ वेळा सुखरूप उतरतो. उरलेल्या दोन वेळा घाई नडते.

सध्या डाकोटा शिकतोय. १२०० अश्वशक्तीची दोन इंजिनं, मागे टेकलेली शेपटी, आणि जमिनीवर चालताना समोरचं काही दिसत नाही. १९४९ साली आपल्याकडे रात्रीची विमानटपाल सुरू झाली, ती याच डाकोटांवर. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशी चारी दिशांची विमानं मध्यरात्री नागपूरला जमायची, टपालाच्या थैल्या बदलायची आणि परत फिरायची. मी तीच मुंबई-नागपूर वाट रात्री धरतो. अडीचेक तास लागतात. खाली काळोख, मधूनच एखाद्या गावाचे दिवे. इंजिनाच्या तेलाचं तापमान बघत बसायचं. ही मधून डोकावते आणि विचारते, "पोचलात का नागपूरला? दूध झाकून ठेवलंय."

कोणाला यायचं असेल तर रविवारी सकाळी अकरानंतर या. मुलांनाही पाठवा. पेडलवर बसताना चप्पल मात्र बाहेर काढायची.