"बिअरच तर आहे!"

आज आवाज जरा घोगरा येईल, सर्दी झालीये, तेवढं सांभाळून घ्या.

आजचा विषय क्राफ्ट बिअर. मी काही ब्रूमास्टर नाही. बीटेक केलंय, दिवसभर कोड लिहितो. बिअरबद्दल जे काही वाचलं ते एका अपघातानंतर वाचलंय, म्हणून आधी तेच सांगतो.

दोन वर्षांपूर्वी टीममधल्या एकीचा शेवटचा दिवस होता. आम्ही सगळे एका मायक्रोब्रूअरीत गेलो. फळ्यावर खडूने सात-आठ नावं, पुढे आकडे. आकडे कोणी वाचले नाहीत. माझा मित्र म्हणाला, "काळी नको रे, ती कडक असते. ही सोनेरी घेऊ." ती होती बेल्जियन ट्रिपल. गोडसर, थोडी मसालेदार, घशाखाली सहज उतरणारी. दीड तासात त्याने अर्ध्या लिटरचे दोन ग्लास संपवले. निघताना मी म्हटलं, रिक्षा करू या का? तर म्हणे, "अरे, बिअरच तर आहे!" आणि मी पुढे काही बोललो नाही. मलाही ते पटलं होतं. वळणावर त्याची स्कूटर घसरली, कॉलरबोन मोडलं. मध्ये दुसरं कोणी आलं नाही, हे नशीब.

आता ही सोनेरी बिअर कडक कशी निघाली? त्यासाठी बिअर बनते कशी ते बघू.

पाणी, मॉल्ट, हॉप्स, यीस्ट. मूळ सामान एवढंच. मॉल्ट म्हणजे बहुतेक वेळा जव. आपण मटकीला आणतो तसे त्याला मोड आणायचे आणि मग भट्टीत वाळवायचं. मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात. हे मॉल्ट भरडून साधारण 65 अंश गरम पाण्यात ठेवलं की ते एन्झाइम पिठाची साखर करतात. ते गोड पाणी गाळून उकळायचं आणि त्यात हॉप्स टाकायचे. हॉप्स ही एका वेलीची हिरवी, छोट्या शंकूसारखी फुलं. लवकर टाकली तर कडवटपणा येतो, शेवटी टाकली तर वास राहतो. मग थंड करून यीस्ट घालायचं. ते साखर खातं, त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनतो.

गंमत बघा, बव्हेरियात 1516 मध्ये बिअरबद्दल कायदा झाला, त्यात जव, हॉप्स आणि पाणी एवढंच लिहिलंय. यीस्ट नाहीच. ते नेमकं कसं काम करतं हे तेव्हा कोणाला माहीतच नव्हतं!

म्हणजे रंग येतो मॉल्ट किती भाजलं त्यावरून. कडवटपणा हॉप्सवरून. आणि नशा येते ती यीस्टने किती साखर पचवली त्यावरून. तीन वेगळे व्हेरिएबल, एकमेकांवर अवलंबून नसलेले. आम्ही तिघांचा एकच करून टाकला होता. गिनेस ड्राफ्ट काळीकुट्ट असते, आणि तिच्यात अल्कोहोल 4.2 टक्के. त्या सोनेरी ट्रिपलपुढे फळ्यावर 8.5 लिहिलं होतं.

फळ्यावर एबीव्ही म्हणजे अल्कोहोलची टक्केवारी. आयबीयू म्हणजे कडवटपणा. साध्या लागरचा आयबीयू दहा-पंधराच्या आसपास, आयपीएचा चाळीस-साठ सहज. आयबीयू जास्त म्हणजे जास्त चढते असं अजिबात नाही.

एल आणि लागर हा फरक यीस्टचा. एलचं यीस्ट थोड्या उबदार तापमानात काम करतं आणि फळांसारखे वास सोडतं. लागरचं थंडीत, सावकाश, म्हणून चव स्वच्छ. दुकानात मिळणारी आपली नेहमीची बाटली बहुधा लागरच. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला केळ्याचा वास येतो, तोही यीस्टचाच. आमच्यातल्या एकाने त्यावरून वेटरशी वाद घातला होता, की तुम्ही इसेन्स टाकता म्हणून.

आता हिशोब. अर्ध्या लिटरची पाच टक्क्यांची बिअर म्हणजे 25 मिली शुद्ध अल्कोहोल. साठ मिलीचा लार्ज पेग, 42.8 टक्क्यांचा, म्हणजे साडेपंचवीसच्या जरा वर. जवळपास तेवढंच! व्हिस्की पिणाऱ्याला आपण "सांभाळून जा" म्हणतो, बिअर पिणाऱ्याला नाही. मित्राच्या दोन ग्लासांत मिळून 85 मिली होतं, म्हणजे सव्वातीन लार्ज. तेवढे पेग पिऊन त्याने किल्ली काढली असती तर मी हातातून हिसकावून घेतली असती. शिवाय आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा शंभर मिली रक्तात 30 मिलिग्रॅम. बऱ्याच जणांच्या बाबतीत एका ग्लासातही ती ओलांडली जाते.

बाकी चवीचं म्हणाल तर एकदम मोठा ग्लास मागवू नका. बऱ्याच ठिकाणी छोट्या ग्लासांचा सॅम्पलर मिळतो, तो घ्या, चार-पाच प्रकार शेजारी ठेवून वास घ्या. गव्हाची, स्टाउट आणि आयपीए एका ओळीत प्यायलात की मी इतका वेळ काय बडबडतोय ते दोन मिनिटांत कळेल. फळ्यावर टक्केवारी नसेल तर विचारा, सांगतात.

मित्राचा खांदा आता बरा आहे, प्लेट अजून आत आहे. मागच्या महिन्यात आम्ही पुन्हा तिथेच गेलो. त्याने स्टाउट घेतली, एकच. जाता-येता रिक्षा.