मैदान सोडल्यानंतरचा जॉर्ज वेआ

श्रोतेहो, "खेळून का पोट भरतं?" हा प्रश्न आपल्या घराघरांत विचारला जातो. आज ज्याची हकीकत सांगणार आहे, त्याचे पोट खेळाने भरले. पण त्याची खरी परीक्षा मैदानाबाहेर झाली.

पश्चिम आफ्रिकेत लायबेरिया नावाचा लहानसा देश आहे. त्याची राजधानी मोन्रोव्हिया. तेथल्या एका गरीब वस्तीत जॉर्ज वेआ आजीच्या हाताखाली वाढला. जन्म १९६६ चा. काही दिवस टेलिफोन कंपनीत नोकरी केली, पण जीव फुटबॉलमध्ये. १९८८ साली आर्सेन वेंगर या फ्रेंच प्रशिक्षकाने त्याला आपल्या मोनाको संघात घेतले. पुढे तो पॅरिसला आणि तेथून इटलीत मिलानला गेला. आघाडीला खेळणारा हा गडी गोल करण्यात पटाईत. १९९६ मध्ये तर आपल्या गोलाजवळून चेंडू घेऊन तो सारे मैदान एकट्याने धावत गेला आणि व्हेरोना संघावर गोल चढवला! त्याआधी १९९५ साली त्याला 'बॅलन डी'ऑर' हा फुटबॉलमधला मोठा मान मिळाला होता. आफ्रिकेच्या दुसऱ्या कोणत्याही देशाच्या खेळाडूला तो आजवर मिळालेला नाही.

मात्र इकडे नाव गाजत होते, तेव्हा तिकडे त्याच्या देशात १९८९ पासून यादवी पेटली होती. राष्ट्रीय संघाजवळ पैसा नाही. वेआने प्रवासखर्च आणि पोशाख यांचा भार स्वतःच्या खिशातून उचलला. २००२ च्या विश्वचषकासाठी पात्रता सामने झाले. नायजेरियाचे गुण १६, लायबेरियाचे १५. एका गुणाने हातातोंडाशी आलेला घास गेला.

२००३ साली खेळ संपला. २००५ साली तो राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीस उभा राहिला. समोर एलेन जॉन्सन सरलीफ, हार्वर्डमध्ये शिकलेल्या विदुषी. "हा शिकलाय काय?" असे लोक विचारू लागले. वेआ हरला.

आता शिक्षक मंडळींनी इकडे लक्ष द्यावे. ज्याच्याजवळ पैसा आणि कीर्ती दोन्ही होते, त्याने या टोमण्यावर रुसून बसायचे नाही असे ठरवले. तो अभ्यासाला बसला आणि २०११ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, अमेरिकेतल्या विद्यापीठाची व्यवस्थापनाची पदवी त्याने मिळवली. शिकायचे वय निघून गेले, असे म्हणणाऱ्या प्रौढांना हे उदाहरण जरूर सांगावे.

२०१७ साली जनतेने त्याला निवडून दिले. २०१८ च्या जानेवारीत त्याने सूत्रे हाती घेतली. एका निवडून आलेल्या अध्यक्षाकडून दुसऱ्याकडे शांतपणे सत्ता जाण्याचा असा प्रसंग त्या देशात १९४४ नंतर प्रथमच आला. कारभार मात्र निर्दोष ठरला नाही. महागाई वाढली, भ्रष्टाचाराच्या तक्रारी झाल्या. मैदानावर एकट्याने धावून गोल होतो. राज्य तसे चालत नाही.

२०२३ साली तो जोसेफ बोआकाई यांच्याकडून हरला, तोही शंभरात सव्वा मताच्या फरकाने. एवढ्याशा अंतरावर दंगली पेटतात आणि त्या देशाने तर यादवीत लाखो माणसे गमावलेली. पण अधिकृत निकाल जाहीर होण्यापूर्वीच वेआने बोआकाईंना फोन करून अभिनंदन केले.

श्रोतेहो, मुलांना जिंकायला आपण शिकवतोच. हरल्यावर समोरच्याचा हात हाती घेणे, हाही शाळेतलाच धडा आहे. तो मैदानावर लवकर शिकता येतो. म्हणून खेळाचा तास कधी बुडवू नका.