मध्यान्हीचा मोह
(महोत्सवाच्या पूर्वतयारीच्या त्रिदिनी प्रार्थनेत धर्मगुरूंनी केलेले प्रवचन)



महोत्सवाचे दिवस मोठ्या आनंदाचे असतात. मंदिरास रंग दिला जातो, वेदी फुलांनी शोभते, परगावी गेलेली मुले घरी येतात, आणि ज्यांचे पाऊल वर्षभर मंदिराकडे वळले नाही तेही मिस्सेला हजर होतात. याबद्दल देवाचे आभार मानावेत तेवढे थोडेच. परंतु आज आम्ही ज्याविषयी बोलणार आहोत ते ह्या दिवसांसंबंधी नव्हे. मांडव उतरल्यावर जे दिवस येतात, त्यांसंबंधी आहे. फेब्रुवारी महिन्यात नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेस जाताना भक्तीची वाण पडत नाही. खरी परीक्षा होते ती यात्रा संपल्यानंतरच्या सोमवारी.

पुष्कळ भाविक आम्हांस विचारतात, "फादर, पूर्वी प्रार्थनेत गोडी वाटे, आता ती वाटत नाही. जपमाळेचे मणी बोटांतून सरकतात, पण मन कोरडेच राहते. आमची श्रद्धा गेली की काय?" ह्या प्रश्नास उत्तर देणे अगत्याचे आहे, कारण त्याचे चुकीचे उत्तर मनाशी धरून कित्येक जणांनी हळूहळू मंदिराचा उंबरठा सोडला आहे. त्यांनी काही महापाप केले नव्हते. ते केवळ कंटाळले, आणि कंटाळ्यास त्यांनी देवाचा निरोप मानले.

हा रोग नवा नाही. चौथ्या शतकात मिसर देशाच्या रानात एवाग्रियुस नावाचे एक संन्यासी राहत असत. मनुष्यास छळणारे आठ कुविचार त्यांनी लिहून ठेवले, आणि त्यांत ह्या कंटाळ्यास सर्वांत जड म्हटले. स्तोत्रसंहितेतील एका स्तोत्रात भर दुपारी नाश करणाऱ्या अरिष्टाचा उल्लेख आहे. त्यावरून ह्या मोहास मध्यान्हीचा सैतान असे नाव पडले. तो आला म्हणजे सूर्य जागचा हलत नाहीसे वाटते. संन्यासी पुन्हापुन्हा खिडकीबाहेर डोकावतो. ही जागा वाईट, हे सोबती प्रेमशून्य, दुसरीकडे गेलो तर देव अधिक सहज भेटेल, असे त्याच्या मनात येऊ लागते. वैशाखातील दुपार आपणांस ठाऊक आहे. तेव्हा मनुष्य पाप करावयास निघत नाही. त्यास केवळ जेथे आहे तेथून उठून जावेसे वाटते. हाच तो मोह.

तो आपल्या घरी कोणत्या वेषाने येतो? सातपूर किंवा अंबड येथील कारखान्यात रात्रपाळी करून आलेल्या तरुणास तो म्हणतो, "आज राहू दे, पुढच्या रविवारी जा." गृहिणीस म्हणतो, "तेच ते शब्द रोज म्हणून काय लाभ?" प्रार्थनेस बसलेल्याच्या हाती तो भ्रमणध्वनी देतो आणि क्षणभर बघ म्हणतो, तो क्षण अर्धा तास होतो. धर्मगुरू आणि धर्मभगिनी यांनाही तो सोडत नाही. त्यांस म्हणतो, "दुसऱ्या धर्मग्रामात तुझ्या कष्टांचे चीज झाले असते." इस्राएल लोकांचेही असेच झाले. आकाशातून मान्ना पडत होता, तरी त्याच त्या अन्नास ते विटले आणि मिसरातील काकड्या व कांदे त्यांस आठवू लागले. तेथील दास्य मात्र आठवले नाही. आपणांसही स्वर्गीय भाकर रोज मिळते. जी वस्तू रोज मिळते तिचा वीट येणे मनुष्यस्वभावात आहे; त्या विटास वश होणे मात्र आपल्या इच्छेवर आहे. कंटाळा येणे हे पाप नव्हे. त्याचे ऐकून देवाकडे पाठ फिरविणे, येथे पापाचा आरंभ होतो.

मग हा कोरडेपणा येतो तरी कशाने? संत इग्नाशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात आपल्या आध्यात्मिक साधनेच्या ग्रंथात याची तीन कारणे सांगितली आहेत. पहिले, आपला स्वतःचा हलगर्जीपणा. दुसरे, सांत्वनाचे वेतन न मिळता आपण देवाची सेवा किती करतो याची पारख. तिसरे, भक्तीतील गोडी ही आपली कमाई नसून देवाचे दान आहे, हे आपणांस कळावे म्हणून. तेव्हा प्रथम प्रामाणिकपणे पाहावे, की प्रार्थना आपणच टाकली आहे काय? टाकली असेल तर पश्चात्ताप करून पुन्हा धरावी. टाकली नसेल, तर भिण्याचे कारण नाही; माळी बागेत आला आहे, एवढेच समजावे.

द्राक्षवेलीचा दाखला प्रभूने दिला आहे, आणि तो नाशिककरांइतका कोणास समजावा? आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलात खरड छाटणी झाली म्हणजे मांडवावर नुसते खुंट उरतात. अजाण मनुष्यास वाटावे, बाग गेली. परंतु पुढे नवी काडी फुटते, आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर जे घड बाहेर पडावयाचे, त्यांची सूक्ष्म घडण त्या काडीच्या डोळ्यांत उन्हाळ्यातच होऊन जाते. त्या काळी घड कोणाच्या दृष्टीस पडत नाही. घड दिसत नाही म्हणून पाणी तोडणाऱ्या शेतकऱ्यास पुढे काय मिळेल, हे आम्ही सांगावयास नको. आत्म्याचेही तसेच आहे.

याचे उदाहरण आपल्याच देशात घडले. कलकत्त्याच्या संत मदर तेरेसा 1997 साली वारल्या. त्यांची खाजगी पत्रे 2007 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा जगास कळले की, गरिबांच्या सेवेस आरंभ केल्यापासून जवळजवळ पन्नास वर्षे, थोडा काळ वगळता, त्यांच्या अंतःकरणात अंधार होता. देव जवळ असल्याची जाणीव त्यांस होत नसे. तरी त्यांची प्रार्थना थांबली नाही, आणि रस्त्यावरचा मरणोन्मुख मनुष्य त्यांच्या हातून सुटला नाही. 2016 साली ख्रिस्तसभेने त्यांस संतपद दिले. गोडी म्हणजे श्रद्धा असती, तर हे घडते ना.

आता उपाय सांगतो. पहिला, कोरड्या काळात चांगला निश्चय बदलू नये. हा संत इग्नाशियस यांचाच नियम आहे. उजेडात ठरविलेले अंधारात मोडू नये. दुसरा, मन लागत नाही तेव्हा प्रार्थना कमी न करता थोडी वाढवावी. पाच मिनिटे बसवत नसेल तर सहा मिनिटे बसावे. तिसरा, हातांस काम द्यावे. शेजारच्या आजाऱ्याची विचारपूस करावी, कारण प्रीतीच्या कृतीपुढे हा सैतान टिकत नाही. चौथा, एकट्याने झुंजू नये. गेथशेमनी बागेत स्वतः प्रभूने शिष्यांस आपल्याबरोबर जागण्यास सांगितले. ते झोपले, तरी त्याने प्रार्थना सोडली नाही आणि त्यांसही सोडले नाही. घरात सर्वांनी मिळून जपमाळ म्हणावी; एकाचे मन विझले तर दुसऱ्याचे तेवत असते. धर्मग्राम म्हणतात तो याचसाठी.

प्रिय बंधुभगिनींनो, हे धर्मग्राम महोत्सवांनी उभे राहिले नाही. महोत्सव एक दिवसाचा. त्यामागे शेकडो साधे रविवार आहेत. पावसात भिजत, पाळीवरून थकून, कोणाचे लक्ष नसताना जी माणसे शेवटच्या बाकावर येऊन गुडघे टेकीत राहिली, त्यांनी ही वेल जगविली. त्यांतील कित्येक आज स्मशानभूमीत विसावले आहेत. परवा मांडव उतरेल, दिवे काढले जातील, आणि पुढच्या रविवारी घंटा नेहमीसारखीच वाजेल. त्या घंटेस आपण काय उत्तर देतो, त्यावर पुढचा महोत्सव अवलंबून आहे.

क्रुसाखाली शेवटपर्यंत उभी राहिलेली पवित्र मरिया आपणांसाठी विनंती करो, आणि प्रभू आपणांस शेवटपर्यंत टिकण्याची कृपा देवो. आमेन.